ऑर्डरिकचं गळू

ऑर्डरिकनं लढाईत किती माणसं मारली, ते महिना कोणता यावर असायचं. डुकरं कापायच्या दिवसांत तो लढाईवरून परत आला तेव्हा दोन मारली होती. नाताळात जवाची दारू पोटात गेली आणि चार झाली. ईस्टरआधीचा उपासाचा महिना लागला, शेतांना वाफसा आला, तोवर आकडा सातावर गेला होता. सातवा तर म्हणे घोड्यासकट.

आम्हा ब्रॅकनीकरांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. आपला राजा पडला होता, समुद्रापलीकडचा परका गादीवर बसला होता, आणि आमच्या बाजूच्या कुठल्याच गावाकडं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेजारच्या गावांत पडलेल्यांची नुसती नावं होती. आमच्याकडं सात मारणारा जिवंत माणूस होता. परगण्यातली माणसं बाजाराला आली की मुद्दाम वाट वाकडी करून ऑर्डरिकला ऐकायला यायची.

तो आमचा मालक. पाच नांगरांची जमीन, ओकच्या रानात डुकरं चारायचा हक्क, गावात सगळ्यांत उंच छपराचं घर. पोट गोल, डोक्याला टक्कल, आणि मिशा मात्र हनुवटीच्या खाली लोंबणाऱ्या. पाच नांगरांमागं राजाला एक लढवय्या द्यायचा, असा रिवाज. त्याप्रमाणं पानगळीत बोलावणं आलं तेव्हा तो घोड्यावर बसून निघाला, आणि सोबत विगटला घेतला.

विगट माझा जोडीदार. तो नांगराचं रुमणं धरायचा, मी बैल हाकायचो. बारा वर्षं. काठीसारखा सडपातळ, समोरचे दोन दात बैलानं लाथ मारून पाडलेले, त्यामुळं बोलताना शीळ वाजायची. बैलांना ती शीळ कळायची. तो गेल्यावर रुमणं आज हा धरायचा, उद्या तो, आणि तासं अशी पडायची की दारुड्यानं पाय टाकत जावं.

ऑर्डरिक तीन आठवड्यांनी एकटाच परत आला. घोड्याचा लगाम हातात धरून, पायी, आणि दोन्ही पाय फाकवून चालत. "घोडं जायबंदी झालंय," म्हणाला. घोडं तर टणाटणा उड्या मारत होतं. पण त्या दिवशी तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यानं विगटच्या बायकोला, सिफ्लेडला, अंगणात बोलावलं आणि टोपी काढून सांगितलं, "माझ्या मांडीवर डोकं ठेवून मेला गं. शेवटाला म्हनला, राजासाठी मेलो, सिफ्लेडला म्हनावं रडू नगं."

सिफ्लेडनं ते ऐकून घेतलं. रडली नाही. गाय धारेला आली होती, तिकडं गेली.

नाताळानंतर गिरणीवाला टोवी तिच्या दारात पिठाच्या पिशव्या आणून ठेवायला लागला. त्याचीही बायको दोन वर्षांमागं गेली होती. ईस्टर झाल्यावर लगीन, असं ठरलं. पाद्रीबाबा वुलमार लावून देणार होते.

*

उपासाच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही ओढ्याकडचं लांब शेत नांगरत होतो. आठ बैल, पाठीमागं वाटाणा टोकणाऱ्या बायका, बांधावर निम्मा गाव. ऑर्डरिक बांधावर उभा राहून सातव्याला घोड्यासकट पाडत होता. हातात भाल्याऐवजी माझी पराणी घेतली होती, त्यामुळं बैल बिचकत होते.

तेवढ्यात ओढ्याच्या उतारानं सहा जण आले. पुढं घोड्यावर एक बुटका माणूस, डोक्याचा मागचा भाग पार तासलेला, नाक वाहतंय. घोडं आमच्या बैलांपेक्षा रोड. मागं चार शिपाई, आणि गाढवावर एक कारकून.

कारकून गाढवावरून उतरला आणि त्यानं घसा साफ केला. "मी बोलतो. तुमचा भाषा मी शिकली. हा गोतिएसाहेब. नवी राजाने ह्या गाव साहेबाला दिली."

उत्तरादाखल बैलानं तेवढं शेण टाकलं.

"नियम असा," कारकून म्हणाला. "जो माणूस लढाईत राजासमोर उभी होता, त्याचा जमीन गेली. सगळी. घर गेली. तो पण गेली. जो माणूस लढाईत उभी नव्हता, त्यानं साहेबाचा हाताखाली ऱ्हायचं, तर थोडी जमीन ऱ्हाते." मग त्यानं ऑर्डरिककडं बोट केलं. "तू मालक? तू लढाईत होती?"

ऑर्डरिकनं छाती पुढं काढलेलीच होती. ती हळूहळू आत गेली. त्याला काही सुचायच्या आत लोहार ओरडला, "व्हते म्हंजे काय! सात लोळवले!"

"घोड्यासकट!" बायकांतून आवाज आला.

"आदी चार म्हनत व्हते," एक म्हातारा म्हणाला.

"चार ते नाताळातले. त्याच्यावर तीन."

आमची माणसं अशी. मालकाची अब्रू राखायची तर सगळी एका दमात. कारकुनानं बोटं मोजून साहेबाला सांगितलं. गोतिएनं बाहीला नाक पुसलं आणि ऑर्डरिकला डोक्यापासून बुटापर्यंत बघितलं. मग पोटाकडं बघितलं. मग पुन्हा काहीतरी बोलला.

"साहेब विचारतो, खरं काय?"

"लोकं... लोकं वाढवून सांगत्यात," ऑर्डरिक कसाबसा म्हणाला.

"किती वाढवून?"

शेवटी ठरलं ते असं: दहाव्या दिवशी मोठ्या ओकखाली परगण्याची सभा. आपल्या जुन्या रिवाजाप्रमाणं ऑर्डरिकनं बारा शेजारी आणायचे, आणि त्यांनी संताच्या अस्थी असलेल्या पवित्र पेटीवर हात ठेवून शपथ घ्यायची की हा लढाईत नव्हता. बारा भरले तर ठीक. अकरा भरले तर बायको आणि तीन पोरी घेऊन चालता हो.

साहेब गेला तेव्हा लोहार ऑर्डरिकच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मालक, भ्यायचं न्हाई. आमी सगळी सांगू, तुमी कसं लढला ते!"

*

मालकाचं घर मोठं असलं तरी भिंती कुडाच्याच. आणि त्याची बायको एडिवा हळू बोलणाऱ्यांतली नव्हती. मी गोठ्यात बैलांना गवत टाकत होतो. कान काय मी मुद्दाम लावले नव्हते.

"सांगा आता," एडिवा म्हणाली. "सात मारले व्हते न्हवं? आता आठवा तुमी सोता."

"एडिवा, मला तुला एक सांगायचंय."

"गळू ना?"

आत बाक करकरला.

"तुला कुनी सांगितलं?"

"माजी सख्खी भन हाय ती. नाताळात निरोप आला तिचा, दाजींचं बूड बरं हाय का म्हनून."

तर हकीकत ही होती. घर सोडून दोन दिवस झाले, आणि ऑर्डरिकच्या बैठकीवर गळू आलं. अवघड जागेचं दुखणं म्हणतात ते हेच. घोड्यावर बसवेना, चालवेना. मेहुणीचं गाव वाटेत होतं, तिथं तो पालथा पडला. नऊ दिवस. दहाव्या दिवशी गळू फुटलं, आणि त्याच दिवशी बातमी आली की राजाही पडला आणि लढाईही संपली.

"समदं म्हाईत व्हतं तर गप का बसलीस?"

"काय करायचं व्हतं? हिवाळाभर तुमी त्या लबाडीवर शेकत बसला व्हता. सरपान तरी वाचलं म्हनलं." मग तिचा आवाज बदलला. "पन आता पोरींच्या डोक्यावरचं छप्पर चाललंय. उद्या उठायचं, आन् घरोघर जाऊन सांगायचं. एकूनएक घरात. तुमच्या तोंडानं."

"लोकं हसतील गं."

"हसू द्या. भाकर घेऊन जात न्हाईत हसनारी."

*

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो पहिल्यांदा माझ्याकडं आला. मी जुवाच्या दोऱ्या भिजत घालत होतो. तो उभा राहिला, आभाळाकडं बघितलं, बैलाच्या वशिंडावर हात फिरवला.

"दुनिंग, म्या लढाईत नव्हतो."

"ऐकलं म्या, मालक. भिंत पातळ हाय."

त्याला जरा बरं वाटलं, आणि मग वाटलं नाही. "विगट एकटाच पुढं गेला," म्हणाला. "म्या त्याला माजी ढाल दिली, भाला दिला. म्हनलं गळू बसलं की येतोच मागनं."

मी दोरी पिळत राहिलो. बारा वर्षं जो माझ्या मागं चालला तो कुणाच्या मांडीवर मेला नव्हता, हे मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. "शपथेला येईन मी," एवढं म्हणालो. "खरं हाय ते सांगायला काय."

मग तो गावात गेला. बायका दारात यायच्या, पोरं कुंपणावर चढायची. लोहाराला तर फसवल्यासारखं झालं. त्यानं ऐरणीशेजारच्या खांबावर सात खुणा खोदल्या होत्या, मालकाच्या नावानं. "ह्या आता काय करू?" म्हणाला. "ह्या काय गळवाच्या म्हनू?" एका म्हातारीनं ऑर्डरिकला आत बोलावलं, प्यायला ताक दिलं, सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकली, गळू कुठल्या बाजूला तेही विचारलं, आणि मग म्हणाली, "मला काई ऐकू येत न्हाई, बाबा. सुनंला सांग." सून चुलीपाशी आधीच पोट धरून बसली होती.

असं करत पाचव्या दिवसापर्यंत अकरा झाले. बाराव्यासाठी तो गिरणीत गेला. टोवी पिठानं पांढरा झालेला, कमरेवर हात ठेवून उभा.

"मालक, म्या शपथ घेनार न्हाई."

"खरं हाय रे ते. माजं गळू फोडनारी वैदीणबाई येनार हाय सांगायला."

"खरंच हाय म्हनून घेनार न्हाई! तुमी नव्हता, तर विगट मेला हे बगितलं कुनी?"

ऑर्डरिकनं याचा विचारच केला नव्हता.

"कुनीच न्हाई!" टोवी म्हणाला. "पाद्रीबाबाला इचारून आलो म्या. म्हनले, मेलेला बगितला न्हाई तर ती बाई अजून विगटचीच. सात वर्सं थांब. म्या आताच पंचेचाळीसचा हाय! तुमी लढाईत व्हता, मालक. तुमी व्हता, आन् विगट तुमच्या मांडीवर मेला. माजं तरी असंच म्हननं हाय."

परत येताना सिफ्लेडचं घर लागलं. ती दारात रवीनं ताक घुसळत होती. तिच्या कानावर सगळं आलेलं होतं. गावात तिच्याच कानावर यायचं तेवढं राहिलं असेल असं कसं होईल. ऑर्डरिकनं टोपी काढली.

"ते राजासाठी मेलो, रडू नगं," तिनं विचारलं, "ते कुनी म्हनलं?"

"म्या जुळवलं."

रवी फिरत राहिली. "मंग तो मेला न्हाई?"

"ते मला म्हाईत न्हाई, सिफ्लेड."

ती उठली, ताकाचं भांडं उचललं, आणि आत गेली. दार लावलं नाही. दार लावलं असतं तर बरं झालं असतं, असं ऑर्डरिक मला नंतर म्हणाला. उघड्या दारासमोर कसं उभं राहावं आणि कसं निघावं, तेच त्याला कळेना.

*

सभेच्या दिवशी ओकखाली सात गावं जमली. नांगरणीचे दिवस, पण त्या दिवशी सगळ्या परगण्यात एक औत जुंपलं नाही. माणसांनी शिदोऱ्या बांधून आणल्या होत्या. कुणीतरी दारूचं पिंपच गाडीवर घालून आणलं. गोतिए एका बाकावर बसला होता, लाल नाकानं, आणि सारखा एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर होत होता.

पाद्रीबाबांनी पवित्र पेटी मधोमध ठेवली. आम्ही अकरा जण ओळीनं गेलो. "देवाशपथ, ऑर्डरिक लढाईत नव्हता." प्रत्येक शपथेला ऑर्डरिकची मान बोटभर खाली. लोहारानं तर दोनदा घेतली. पाद्रीबाबा म्हणाले, "अरे, एकदा पुरे." लोहार म्हणाला, "सात खुना खोडायच्यात, बाबा. जोर लागतोय."

बारावा माणूस नव्हता. टोवी गर्दीत हाताची घडी घालून उभा होता.

मग एडिवानं बहिणीच्या गावाहून गाडीतून आणलेली गुनवर वैदीण पुढं आली. हात तिचे नांगराच्या फाळासारखे. "नऊ दिस पालथा व्हता माज्या म्होरं," ती म्हणाली. "गळू अंड्याएवढं. कोंबडीच्या न्हाई, बदकाच्या. कांद्याचं पोटीस बांदलं, डुकराची चरबी लावली. फोडलं तवा हा गडी असा बोंबलला, की ओढ्यापल्याडची कुत्री भुकाया लागली."

सात गावं हसली. हसणं ओकच्या फांद्यांतून वर गेलं आणि कावळे उडाले. ऑर्डरिक आपल्या बुटाकडं बघत होता. एडिवा मात्र ताठ उभी, तिन्ही पोरींचे हात धरून. एक पोर हसली तर तिला चिमटा बसला.

कारकून गोंधळला होता. "गळू कोण?" त्यानं विचारलं. "तो पण मालक आहे? तो लढाईत होती?"

आता परगण्यातली सगळी माणसं त्याला समजवायला लागली. कुणी मूठ वळून दाखवली, कुणी वाकून जागा दाखवली, लोहारानं बोंब मारून दाखवली. कारकुनाच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं साहेबाला सांगितलं. आणि मग एक गोष्ट घडली. गोतिएचा चेहरा पडला. तो हसला नाही. त्यानं ऑर्डरिककडं असं बघितलं, जसा एकाच घाटातून ओझं वाहून आलेला माणूस दुसऱ्याकडं बघतो. आणि मग तो पुन्हा एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर झाला. घोडेस्वार माणूस. आम्ही काय ते समजलो.

तरी नियम म्हणजे नियम. वण दाखवायला लागला. ओकच्या बुंध्यामागं पाद्रीबाबा, कारकून आणि एक शिपाई गेले. ऑर्डरिकनं विजार सोडली. बायकांनी तोंडं फिरवली, पण फार नाही. कारकून बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाला, "गळू होती. मोठी होती. साक्षीदार खरा आहे."

"पण बारा नाहीत," पाद्रीबाबा म्हणाले. त्यांनाही ते सांगताना जड जात होतं.

तेव्हा गोतिएनं शिपायाला खूण केली. शिपायानं घोड्यावरून एक ढाल आणली आणि ऑर्डरिकच्या पायाशी टाकली. त्यावर रानडुक्कर रंगवलेलं होतं. पाय जरा आखूड झाले होते. ते एडिवानं रंगवलं होतं, हे सगळ्या ब्रॅकनीला माहीत होतं.

"साहेब म्हणतो," कारकून म्हणाला, "हे ढाल लढाईचा आहे. साहेबानं तिथून उचलला. गावात आल्यावर हाच डुक्कर तुझी दारावर पण पाहिला. साहेब विचारतो, हे कसं?"

एडिवाच्या हातातला पोरीचा हात सुटला.

"माजीच ढाल हाय," ऑर्डरिक म्हणाला. खोटं काढायचं त्याच्यात आता बळ नव्हतं. "म्या विगटला दिली व्हती. म्या पालथा पडलो व्हतो, तो गेला. माज्या जागी गेला."

कारकुनानं सांगितलं. गोतिए उठून उभा राहिला. तो हळूहळू बोलला, आणि कारकून प्रत्येक वाक्याला थांबून आमची भाषा शोधत राहिला.

"साहेब म्हणतो, ढाल ज्याचा हातात होती, तो हा माणूस नाही. तो बारीक होती. पुढचा दात नव्हती. ओरडला की शिट्टी वाजायचा. सकाळपासून टेकडीवर उभी होता, दिवस मावळेपर्यंत तिथंच. आम्ही तीन वेळा वर गेला, तीन वेळा खाली आला. साहेबानं त्याला पाहिला. जिवंत पण, नंतर मेलेला पण." मग कारकून थांबला, आणि साहेबाचं पुढचं ऐकून म्हणाला, "साहेब म्हणतो, बारावा माणूस नको. बारावा मी."

सिफ्लेड गर्दीतून पुढं आली. लोकांनी वाट दिली. ती थेट गोतिएसमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्या खांद्याएवढा होता.

"तुमी मारला त्याला?"

कारकुनानं विचारलं. गोतिएनं ढालीकडं बघितलं, मग बोलला.

"साहेबाला माहीत नाही. अंधार पडत होता. गर्दी होती. असेल, नसेल."

तिनं त्याच्याकडं बघितलं. मान हलवली. कुणीतरी तिला पहिल्यांदाच असं काही सांगितलं होतं, ज्यात जुळवलेलं काही नव्हतं. तिनं वाकून ढाल उचलली, ऑर्डरिककडं बघितलं, आणि तो काही म्हणायच्या आत काखेत मारून चालायला लागली.

आणि तेवढ्यात टोवी गर्दी ढकलत पेटीपाशी पोचला. "मी घेतो शपथ! म्या! बारावा म्या हाय! कुठं हात ठिवायचा?"

"साहेबाची साक्ष पुरे झाली, टोवी," पाद्रीबाबा म्हणाले.

"मंग तेरावा लिवा!"

*

ऑर्डरिकची जमीन राहिली, पण पाचांतली दोन नांगरांची. उंच छपराचं घर गोतिएनं घेतलं. मालक, बायको आणि तीन पोरी धान्याच्या कोठारात राहायला गेले. एडिवानं दोन दिवसांत उंदीर हाकलले, चूल घातली, आणि शेजारणीला सांगितलं की इथं वारा कमी लागतो. ऑर्डरिक कधी कधी विसरून जुन्या दाराशी जायचा, आणि शिपायानं भाला आडवा धरला की मिशीवरून हात फिरवून परत यायचा. गुनवर वैदीण मात्र साहेबाच्या घरी दोन दिवस राहिली. कांदे मागवले होते, एवढंच बाहेर कळलं.

खोट्याबद्दल पाद्रीबाबांनी ऑर्डरिकला प्रायश्चित्त दिलं. सिफ्लेडच्या वाटणीची पट्टी त्यानं स्वतः रुमणं धरून नांगरायची. पूर्ण.

त्यानं वीस वर्षांत रुमणं धरलं नव्हतं. मी बैल हाकत होतो, आणि मागं तो नांगराला लोंबकळत होता. फाळ कधी दगडावर उडायचा, कधी रुतून बसायचा. दुपारपर्यंत हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. गोऱ्ह्यानं मागं वळून त्याच्याकडं बघितलं, अशा नजरेनं की मलाच लाज वाटली. सिफ्लेड मोगरी घेऊन ढेकळं फोडत मागनं येत होती.

तिसऱ्या दिवशी शेताच्या टोकाला बैल वळवताना ती म्हणाली, "मालक, एक इचारू?"

"इचार."

"तुमी पालथं पडला व्हता, आन् तो निगाला. तवा तो काय म्हनला? जुळवू नगा. व्हतं तेवढंच सांगा."

ऑर्डरिकनं रुमणं सोडलं. बैल उभे राहिले. त्याच्या गळ्यावरून घाम ओघळत होता, मिशांची टोकं चिखलात भिजली होती.

"पयलं तर लई हसला," तो म्हणाला. "म्हनला, मालक, तुमी निजा पालथं, दोगांतला एकजन उभा असला म्हंजे झालं. मंग दारापातुर गेला, आन् परत आला. म्हनला, सिफ्लेडला एक निरोप द्यायचा ऱ्हायला. तुमी आदी घरी गेला तर सांगा." त्यानं चिखलाचा हात विजारीला पुसला. "पन मला तो सांगता येईना. सांगितला असता तर तू म्हनली असतीस, तुमी आदी कशापायी आला?"

"काय निरोप?"

"डुकरीण सणाच्या आत विनार हाय, म्हनला. पिलं इकायची तर कुनालाबी इक म्हनावं. पन टोवीला देऊ नगं. तो मापात मारतो."

सिफ्लेडच्या हातातली मोगरी खाली गेली.

"म्या टोवीलाच इकली," ती म्हणाली. "सहाच्या सहा. बदल्यात धान्य घेतलं."

"मापून?"

"त्याच्याच मापानं."

ती बांधावर बसली. डोक्यावरचं फडकं तोंडाला लावलं. खांदे हलायला लागले. ऑर्डरिकनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग तिनं फडकं काढलं तर ती हसत होती. अशी हसत होती की बैलांनी कान टवकारले. हसताना डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते ती पुसत नव्हती. हिवाळाभरात ती रडली नव्हती, हसलीही नव्हती. दोन्ही एकदमच होत होतं बहुतेक, आणि कुठलं कुठं संपतं ते आम्हा दोघांनाही कळेना. आम्ही शेतात उभे राहिलो, काय करावं ते न सुचून.

बऱ्याच वेळानं ती उठली. मोगरी उचलली.

"आदी जाऊन ते माप मोडते," ती म्हणाली. "लगीन मंग बगू." आणि मला म्हणाली, "हाक रे दुनिंग. उभा काय ऱ्हायलास, तास वाकडं चाललंय."